७८२.५७ चा लाल डाग: स्ट्रोक झालेल्या मेंदूच्या एका लिपिड मॅपची उलटतपासणी

चित्र बघितलं की कोणालाही लगेच पटेल असं होतं. उंदराच्या मेंदूचा कोरोनल सेक्शन, म्हणजे डावी-उजवी दोन्ही बाजू दाखवणारा उभा काप, डाव्या बाजूची मिडल सेरेब्रल आर्टरी बंद करून २४ तास आधी स्ट्रोक घडवलेला, उजवी बाजू धडधाकट, आणि एम बाय झेड (आयनचं वजन भागिले त्याचा भार) ७८२.५७ या पीकचा मॅप लावला की डावीकडे लालभडक डाग आणि उजवीकडे सगळं निळं. डागाची कडही एच अँड ई या पेशी दाखवणाऱ्या नेहमीच्या स्टेनमध्ये टिश्यू जिथे फिकट पडलेलं दिसतं जवळपास तिथेच. ॲनोटेशनच्या, म्हणजे पीकला रेणूचं नाव सुचवणाऱ्या, सॉफ्टवेअरने नाव दिलं पीसी ३६:४, प्रोटॉन लागलेलं. पीसी म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलिन, पेशीच्या आवरणातलं नेहमीचं लिपिड म्हणजे चरबीसारखा रेणू, ३६:४ म्हणजे त्याच्या दोन साखळ्यांत मिळून ३६ कार्बन आणि ४ डबल बाँड, आणि ३६:४ मध्ये बहुतेक वेळा एक साखळी ॲराकिडोनिक ॲसिडची असते, ॲराकिडोनिक म्हटलं की इन्फ्लमेशन, स्ट्रोकमध्येही इन्फ्लमेशन, त्यामुळे गोष्ट आपोआप जुळली की मेलेल्या भागात ॲराकिडोनिकवालं लिपिड साठतंय.

ही गोष्ट चुकीची होती, आणि ती चुकीची कशी ठरली आणि त्यातून खरं काय हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितोय. हे प्रकरण कुठल्या एका लॅबचं नाही, मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगमध्ये पुन्हा पुन्हा येणारी परिस्थिती एका नमुन्यात बांधलीये म्हणजे सलग समजावता येईल. वजनांचे आकडे मात्र रासायनिक सूत्रांवरून काढलेले खरे आहेत, कोणीही बेरीज करून तपासून बघा.

आधी तंत्र थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. टिश्यूचा साधारण १० ते १२ मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घ्यायचा, त्यावर मॅट्रिक्स नावाच्या एका छोट्या सेंद्रिय रसायनाचा पातळ थर द्यायचा, आणि मग लेझर एकेका ठिपक्यावर मारत जायचं. मॅट्रिक्स लेझरची ऊर्जा शोषून घेतं, त्याच्याबरोबर टिश्यूतले रेणू उडतात, काहींवर विद्युतभार चढतो, आणि ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जाऊन वजनानुसार वेगळे होतात. प्रत्येक ठिपक्याला एक अख्खा स्पेक्ट्रम मिळतो. मग हवं ते वजन निवडा आणि ते कुठल्या ठिपक्यात किती आहे ते रंगवा, झाला मॅप. आधी कुठली अँटिबॉडी लावायची गरज नाही, काय शोधायचंय ते आधी ठरवायची गरज नाही, एकाच कापातून शेकडो रेणूंचे मॅप निघतात, आणि याच्यामुळेच मला हे तंत्र इतकं आवडतं. मॅट्रिक्स वापरून लेझरने आयन उडवायची पद्धत, म्हणजे माल्डी, १९८० च्या दशकात फ्रांझ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांनी उभी केली, मोठे रेणू न फोडता लेझरने उडवण्यासाठी कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि टिश्यूवर ठिपक्या-ठिपक्याने माल्डी करून प्रोटीन आणि पेप्टाइडचे मॅप काढता येतात हे रिचर्ड कॅप्रिओली यांच्या ग्रुपने १९९७ मध्ये दाखवलं. त्यानंतर लिपिड आणि औषधांसाठी हे तंत्र खूप वापरलं गेलं.

आता नमुना कसा घेतला ते नीट सांगतो, कारण नंतर प्रत्येक शंका फिरून इथेच येते. मेंदू काढून लगेच गोठवला, पण थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवला नाही, तसं केलं की टिश्यू तडकतं, म्हणून ड्राय आइसने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये. कापताना ओसीटी, म्हणजे टिश्यू बसवायचा जेल, टिश्यूच्या अंगाला लागू दिलं नाही, फक्त खालून चिकटवण्यापुरतं एक थेंब, कारण ओसीटीमध्ये पॉलिमर असतात आणि ते स्पेक्ट्रममध्ये ठराविक अंतरावर पीकची रांग लावतात आणि बाकीच्यांचा सिग्नल दाबून टाकतात. फॉर्मॅलिन आणि पॅराफिन तर नकोच, पॅराफिन काढायच्या सॉल्व्हंटमध्ये लिपिड धुऊन जातात. क्रायोस्टॅट, म्हणजे गोठलेलं टिश्यू कापायचं यंत्र, उणे २० अंशाच्या आसपास, काप १० मायक्रॉन, आयटीओचा थर असलेली काच म्हणजे वीज वाहून नेणारी, मॅट्रिक्स डीएचबी, पॉझिटिव्ह मोड म्हणजे धन भाराचे आयन मोजायचे, पिक्सेल ५० मायक्रॉन. १० मिमी बाय ७ मिमीच्या चौकटीत ५० मायक्रॉनने २८,००० पिक्सेल होतात. १० मायक्रॉनने गेलं असतं तर ७,००,००० झाले असते आणि या प्रश्नाला त्याची गरजच नव्हती, स्ट्रोकचा भाग काही मिलिमीटरचा असतो.

एक निर्णय मुद्दाम घेतलेला होता, प्राण्याला सलाइनने परफ्यूज केलं नव्हतं. रक्त धुऊन काढायला परफ्यूजन करतात आणि त्याची कारणंही चांगली असतात, पण ०.९ टक्के सोडियम क्लोराइड रक्तवाहिन्यांतून ढकलायचं आणि जिथे वाहिनीच बंद केलीये तिथे ते पोचणार नाही, म्हणजे दोन बाजूंच्या मिठात आपणच फरक घालून ठेवायचा. इथे ते टाळलं होतं, त्याचा पुढे फार उपयोग झाला. त्याची किंमत म्हणजे टिश्यूत रक्त राहिलं, पण रक्त कुठे आहे हे हीमच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोहवाल्या भागाच्या, पीकवरून कळतं, एम बाय झेड ६१६.१८, तो मॅप बघितला तर डागाच्या जागी रक्तस्राव नव्हता. पहिली शंका इथेच मिटली.

मग मॅपवर शंका घ्यायचं कारण काय? दोन कारणं होती आणि माझ्या मते दोन्ही तितकीच महत्त्वाची.

पहिलं बायोलॉजीचं. मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडला की फॉस्फोलिपेझ एन्झाइम चालू होतात आणि आवरणातल्या लिपिडमधून ॲराकिडोनिक ॲसिड सुटं होतं. इस्केमियात, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यावर, मेंदूतली सुटी फॅटी ॲसिड भराभर वाढतात हे निकोलस बझान यांनी १९७० मध्येच दाखवलेलं आहे. म्हणजे ॲराकिडोनिक ज्यातून सुटतं ते लिपिड कमी व्हायला हवं, निदान वाढायला तरी नको. मॅप म्हणतोय वाढलंय. अशा वेळी "काहीतरी नवीन सापडलं" म्हणायच्या आधी मॅप नक्की कशाचा आहे हे विचारलंच पाहिजे.

दुसरं कारण निव्वळ आकड्यांचं. मेंदूत सगळ्यात भरपूर असणाऱ्या पीसींपैकी एक म्हणजे पीसी ३४:१. त्याला प्रोटॉन लागला की वजन येतं ७६०.५८५, सोडियम लागला की ७८२.५६७, पोटॅशिअम लागला की ७९८.५४१. आणि पीसी ३६:४ ला प्रोटॉन लागला की ७८२.५६९. परत बघा, ७८२.५६७ आणि ७८२.५६९. दोन पूर्ण वेगळे रेणू, फरक ०.००२४ डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक). कारण सोपं आहे, हायड्रोजनच्या जागी सोडियम आला की वजन २१.९८१९ ने वाढतं, आणि साखळीत दोन कार्बन वाढून दोन हायड्रोजन कमी झाले, म्हणजे दोन कार्बन आणि तीन डबल बाँड जास्त, की २१.९८४४ ने वाढतं. हा योगायोग एका जोडीपुरता नाही, सगळ्या पीसींना लागू आहे. ३६:१ चा सोडियमवाला आणि ३८:४ चा प्रोटॉनवाला, दोन्ही ८१०.६० वर. ३२:० चा सोडियमवाला आणि ३४:३ चा प्रोटॉनवाला, दोन्ही ७५६.५५ वर. त्यातही ३६:४ आणि ३८:४ ही दोन्ही मेंदूतली नेहमीची ॲराकिडोनिकवाली लिपिडं, म्हणजे सोडियम वाढलं तर नेमकं असं वाटणार की ॲराकिडोनिकवालं सगळंच वाढलंय, आणि दोन-तीन लिपिडं एकत्र तीच गोष्ट सांगतायत म्हणून विश्वास अजून वाढणार. हे मला फार धोकादायक वाटतं.

ॲनोटेशनच्या सॉफ्टवेअरचा यात दोष काढायचं कारण नाही. ०.००२४ डाल्टन म्हणजे या वजनाला साधारण ३ पीपीएम, दहा लाखात ३ भाग. ३ पीपीएमच्या खिडकीने डेटाबेसमध्ये शोधलं की दोन्ही नावं येतात, आणि यादीत वर कुठलं आलं ते बघून पुढे जायची सवय आपली असते. आणि या जोड्या नुसत्या वजनावरून वेगळ्या करायच्या तर मशीनकडून किती मागणी होते ते बघा, ७८२.५७ भागिले ०.००२४, म्हणजे ३,२५,००० च्या आसपास रिझॉल्व्हिंग पॉवर, म्हणजे जवळजवळची वजनं वेगळी दाखवायची ताकद. नेहमीच्या टीओएफ (आयनच्या उडायच्या वेळेवरून वजन मोजणाऱ्या) मशीनची ताकद यापेक्षा कितीतरी कमी. ऑर्बिट्रॅप या जास्त ताकदीच्या मशीनवर २,४०,००० लिहिलेलं असलं तरी ते एम बाय झेड २०० ला असतं, वजन वाढलं की वर्गमुळाच्या हिशोबाने ते घसरतं, ७८२ ला येता येता उरतं १,२१,००० च्या आसपास. म्हणजे ब्रोशरवरचा आकडा बघून "आमचं मशीन हाय रिझोल्यूशन आहे" म्हणणं इथे पुरेसं नाही.

आता सोडियम डाव्या बाजूला वाढेल का? वाढणारच, आणि ही फिजिऑलॉजी पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली आहे. जिवंत पेशीच्या आत पोटॅशिअम १४० मिलिमोलरच्या आसपास आणि सोडियम १० ते १५, बाहेर बरोबर उलटं. हा फरक राखायला सोडियम-पोटॅशिअम पंप सतत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खात असतो. रक्त थांबलं, एटीपी संपलं, पंप बंद पडला, पोटॅशिअम बाहेर गळालं, सोडियम आत शिरलं, त्याच्यामागे पाणी शिरलं, सूज आली. २४ तासांनी त्या भागात सोडियम भरपूर आणि पोटॅशिअम कमी. आणि माल्डीच्या त्या उडालेल्या वाफेत पीसीचा रेणू जो आयन हाताशी असेल तो उचलतो. सोडियम जास्त असेल तर सोडियम. लिपिड तेवढंच असलं तरी त्याचं ७८२.५६७ वालं रूप वाढतं आणि ७९८.५४१ वालं रूप कमी होतं.

हा अंदाज झाला, आता पुरावा. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी, नवीन प्रयोग न करता, असलेल्याच डेटामध्ये. ७९८.५४ चा मॅप काढला तर डागाच्या जागी अंधार, उजवीकडे चकचकीत, म्हणजे जणू ७८२ च्या मॅपची निगेटिव्ह. ७६०.५९ चा मॅप दोन्ही बाजूंना जवळपास सारखा. पीसी ३२:० ची तिन्ही रूपं काढली, ७३४.५७, ७५६.५५, ७७२.५३, तिथेही तोच प्रकार, सोडियमवालं डावीकडे वर, पोटॅशिअमवालं खाली. वेगवेगळी लिपिडं, साखळ्या वेगळ्या, पण सगळ्यांची सोडियम रूपं एकाच जागी वाढतायत आणि पोटॅशिअम रूपं त्याच जागी पडतायत, तर कारण लिपिडमध्ये नाही, मिठात आहे. एखाद्या लिपिडची तिन्ही रूपं पिक्सेलवार बेरीज करून मॅप काढला तर लाल डाग जवळपास विरघळला. माझं स्पष्ट मत आहे की टिश्यूत जखम, सूज, नेक्रोसिस (पेशी मरणं) किंवा ट्यूमर असेल तर ही तीन मॅपची तुलना केल्याशिवाय कुठल्याही पीसीबद्दल "वाढलं" हा शब्द लिहू नये. याला वेगळा नमुना लागत नाही, वेगळं मशीन लागत नाही.

पण बेरीज हा पुरावा अर्धवट आहे हेही सांगायला हवं. सोडियमवाला आयन आणि पोटॅशिअमवाला आयन सारख्याच सहजतेने बनतात असं नाही, त्यामुळे तीन आकडे मिळवले की लिपिडचं खरं प्रमाण आलं असं धरता येत नाही. शिवाय मीठ जास्त असलं की एकूण सिग्नलच दबतो. आणि टीआयसी नॉर्मलायझेशन, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला त्याच्या एकूण सिग्नलने भागणं, ते अशा ठिकाणी मदतीऐवजी अडचण करतं, कारण एकूणच पडलेलं असलं की भागाकाराने उरलेली पीक आपोआप मोठी दिसतात. म्हणून नॉर्मलायझेशनशिवायचा मॅप शेजारी ठेवून बघितला, आणि पुढचे दोन प्रयोग केले.

पहिला प्रयोग एमएस/एमएस. ७८२.५७ वेगळं करून टिश्यूवरच फोडायचं. प्रोटॉन लागलेलं कुठलंही पीसी फुटलं की फॉस्फोकोलिनचा तुकडा देतं, १८४.०७, हा ठळक येतो. सोडियम लागलेलं पीसी असं फुटत नाही, त्यातून आधी ट्रायमिथाइलअमीन गळतं, ५९.०७ कमी होऊन ७२३.४९, आणि मग ५९९.५०. निवडीची खिडकी साधारण १ डाल्टनची असल्याने दोन्ही रेणू एकत्रच आत जातात, पण तुकडे वेगळे असल्याने प्रत्येक तुकड्याचा आपला मॅप काढता येतो. ७२३.४९ चा मॅप काढला, लाल डाग जसाच्या तसा. १८४.०७ चा मॅप काढला, डाग नाही, उलट डावीकडे थोडं कमीच. इथे मला वाटतं कोणाचंही समाधान व्हायला हरकत नाही.

तरी दुसरा प्रयोग केला आणि या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. पीसी ३४:१ चंच एक ड्युटेरियमवालं भावंड बाजारात मिळतं, १६:० च्या साखळीतले ३१ हायड्रोजन बदलून ड्युटेरियम घातलेले. रासायनिक वागणं जवळपास तेच, वजन मात्र ३१.१९ ने जास्त. हे शेजारच्या कापावर मॅट्रिक्सच्या आधी सगळीकडे सारखं फवारलं. आता याचं प्रमाण डावीकडे आणि उजवीकडे तेवढंच आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण ते आपणच घातलंय, उंदराच्या आजाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याची तीन रूपं ७९१.७८, ८१३.७६ आणि ८२९.७४. आणि ८१३.७६ चा, म्हणजे सोडियमवाल्याचा मॅप काढला तर डावीकडे तोच लाल डाग, त्याच जागी, तीच कड. उंदराच्या मेंदूत कधीच नसलेला रेणू स्ट्रोकच्या भागात "वाढलेला" दिसतोय. यानंतर वाद घालायला काही उरत नाही. हे स्टँडर्ड महाग असतं, मान्य, पण एका कापाला लागतं फार थोडं, आणि तेच नॉर्मलायझेशनला पण वापरता येतं, तर अशा नमुन्यांवर ते पहिल्या दिवसापासून घालावं असं मी म्हणेन.

रिझोल्यूशनवाला मार्गही होता, अख्ख्या सेक्शनवर नाही पण पट्ट्यावर. एफटी-आयसीआर या सगळ्यात जास्त रिझोल्यूशनच्या मशीनवर एका पिक्सेलला १ सेकंद धरला तरी २८,००० पिक्सेलला ८ तासांच्या जवळ जातात, आणि एवढी रिझॉल्व्हिंग पॉवर हवी तर सिग्नल त्याहून जास्त वेळ घ्यावा लागतो. म्हणून डागाच्या कडेवरून आरपार जाणारा ३ मिमी बाय १ मिमीचा पट्टा घेतला, १,२०० पिक्सेल. तिथे ७८२.५६७ आणि ७८२.५६९ वेगळे दिसले, कड ओलांडून आत गेलं की पहिलं चढतं, दुसरं चढत नाही. आयन मोबिलिटी, म्हणजे आकारानुसार आयन वेगळे करायची सोय, असलेलं मशीन असेल तर तो आणखी एक रस्ता, सोडियमवाल्या आयनचा आकार वेगळा असल्याने दोघं वेळेत वेगळे पडू शकतात.

आता मूळ प्रश्न राहिलाच होता, स्ट्रोकच्या भागात कुठलं लिपिड खरंच बदललंय? त्यासाठी मिठाचा फरक सगळीकडून काढून टाकायचा किंवा सगळीकडे सारखा करायचा. काढून टाकायचं म्हणजे काप थंडगार अमोनियम फॉर्मेट किंवा अमोनियम ॲसिटेटने धुवायचा, सोडियम-पोटॅशिअम जातात, प्रोटॉनवाली रूपं उरतात. चांगला उपाय आहे, पण सूज आलेलं टिश्यू आधीच सैल झालेलं असतं, आणि लायसो-लिपिडसारखे (एक साखळी तुटलेले) पाण्याशी जमवून घेणारे रेणू धुण्यात जाऊ शकतात किंवा सरकू शकतात, आणि इथे नेमके तेच बघायचे होते. म्हणून दुसरा पर्याय निवडला, डीएचबीमध्येच पोटॅशिअम ॲसिटेट मिसळलं. मग टिश्यूत काहीही असो, वरून आलेलं पोटॅशिअम इतकं असतं की बहुतेक पीसी पोटॅशिअमवाल्या रूपात येतात. याचा आणखी एक फायदा असा की पोटॅशिअमवाल्या रूपांमध्ये तो ०.००२४ चा योगायोग उरत नाही, त्यांच्या जवळचे शेजारी बरेच लांब असतात, साधं टीओएफ पण वेगळे करू शकतं. हे पोटॅशिअम खरंच पुरतंय का हे ड्युटेरियमवाल्या स्टँडर्डवरून तपासलं, ८२९.७४ दोन्ही बाजूंना सपाट आलं, तेव्हाच पुढचं वाचायला घेतलं.

पीसी ३६:४ चं खरं रूप आता ८२०.५३ वर. मॅप काढला तर डावीकडे वाढ नाहीच, किंचित घट. म्हणजे पहिल्या फिगरमध्ये जे लिहिलं जाणार होतं त्याच्या उलट, आणि फॉस्फोलिपेझच्या गोष्टीशी जुळणारं.

आणि एक रेणू मात्र मिठाचा फरक काढल्यावरही डावीकडे वाढलेला उरला, एलपीसी १६:०, म्हणजे एक साखळी तुटलेलं पीसी. नेहमीच्या रूपांत तो ४९६.३४, ५१८.३२ आणि ५३४.३० वर येतो, इथे ५३४.३० वर. पीसीची साखळी फॉस्फोलिपेझने कापली की एक सुटं फॅटी ॲसिड आणि एक लायसो-पीसी उरतं, त्यामुळे हे अपेक्षितच, आणि इस्केमियाच्या भागात लायसो-पीसी वाढल्याचं इमेजिंगच्या आधीच्या कामांतही दिसलेलं आहे. पण इथेही एक शंका घ्यावी लागते, लेझरच्या माऱ्याने पीसी मशीनमध्येच तुटून एलपीसीसारखा आयन तयार झाला असेल तर? याचं उत्तरही त्याच स्टँडर्डमध्ये होतं. मशीनमध्ये पीसी तुटत असेल तर ड्युटेरियमवालं पीसी पण तुटेल आणि त्याचा एलपीसी ५६५.४९ वर दिसेल. तिथे काहीच नव्हतं. म्हणून एलपीसीचा मॅप टिश्यूचाच आहे असं लिहिता आलं.

गोठवायला लागणाऱ्या वेळेचा प्रश्न इथे कोणीतरी काढेलच आणि काढायलाच हवा, मेल्यानंतर मेंदूत लायसो-लिपिड आणि सुटी फॅटी ॲसिड दोन्ही वाढत जातात. पण डावी आणि उजवी बाजू एकाच मेंदूची, एकाच वेळी गोठलेली, तेव्हा दोन बाजूंमधला फरक टिकतो. उजव्या बाजूचा आकडा म्हणजे जिवंत मेंदूतला आकडा असं मात्र कुठेही लिहिलं नाही.

आता त्या लाल डागाचं काय करायचं? माझ्या मते त्याला फेकून देणं ही दुसरी चूक झाली असती. ७८२.५६७ भागिले ७९८.५४१ असा पिक्सेलवार भागाकार केला, तेच ७५६.५५ आणि ७७२.५३ चं केलं, आणि दोन्ही मॅप एकमेकांशी जुळले. हा सोडियम-पोटॅशिअम गुणोत्तराचा मॅप आहे, लिपिड इथे फक्त मीठ मोजणारा निरोप्या. पंप कुठे बंद पडलाय आणि सूज कुठवर आहे याची खूण, कुठलाही वेगळा स्टेन न लावता, त्याच मूळ डेटामधून. शेवटच्या फिगरमध्ये हा मॅप पहिल्या नंबरला गेला, त्याच्या नावात "गुणोत्तर" हा शब्द ठेवून, शेजारी पोटॅशिअम घातलेल्या कापावरचे ३६:४ आणि एलपीसीचे मॅप, खाली मॅट्रिक्स इथेनॉलने धुऊन त्याच कापावर केलेला एच अँड ई. कॅप्शनमध्ये प्रत्येक मॅपखाली कुठल्या आयनचा आहे ते, म्हणजे प्रोटॉन, सोडियम की पोटॅशिअम, आणि कुठलं नॉर्मलायझेशन, हे लिहिलं. नुसतं "पीसी ३६:४" लिहिलेली कॅप्शन मला अपुरी वाटते, आणि रिव्ह्यू करताना मी हे मागतोच. डेटा इमझेडएमएल या इमेजिंगच्या खुल्या फॉरमॅटमध्ये सोबत ठेवला की दुसऱ्या कोणालाही तिन्ही रूपं स्वतः काढून बघता येतात.

डीईएसआय हे दुसरं इमेजिंग तंत्र वापरणाऱ्यांनी हे माल्डीपुरतंच आहे असं समजू नये. तिथे लेझर आणि मॅट्रिक्स नसतं, भारित थेंबांचा फवारा असतो, पण पीसी तिथेही सोडियम आणि पोटॅशिअम उचलतं आणि टिश्यूतलं मीठ तिथेही बोलतं. निगेटिव्ह मोडमध्ये हा त्रास बराच कमी, कारण सल्फॅटाइडसारखी लिपिडं प्रोटॉन गमावून येतात, उदाहरणार्थ ८८८.६२, पण पीसी त्या मोडमध्ये नीट दिसत नाही, म्हणून पॉझिटिव्ह टाळून चालत नाही.

एक गोष्ट या नमुन्यावर सुटली नाही. गुणोत्तराच्या मॅपमधला डाग एच अँड ईच्या फिकट भागापेक्षा थोडा मोठा होता, कडेला एक पातळ पट्टा असा की मीठ बदललंय पण पेशी स्टेनमध्ये अजून धड दिसतायत. तिथे पेशींचे पंप बंद पडत चाललेत की शेजारच्या सुजेतलं पाणी नुसतं झिरपलंय, हे लिपिडवरून कळणार नाही. त्यासाठी एटीपीचा मॅप हवा, निगेटिव्ह मोडमध्ये ५०५.९९, मॅट्रिक्स ९-अमिनोॲक्रिडिन. पण डोकं उघडून मेंदू काढून गोठवेपर्यंत एटीपी संपलेलं असतं, दोन्ही बाजूंचं, त्यामुळे या मेंदूच्या उरलेल्या कापांवर तो प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. तो करायचा तर मेंदू कवटीतच जागच्या जागी गोठवावा लागतो किंवा फोकस्ड मायक्रोवेव्हने एन्झाइम क्षणात थांबवावी लागतात, म्हणजे नवीन प्राणी, एथिक्स कमिटीची नवीन परवानगी, आणि या वेळी ड्युटेरियमवालं स्टँडर्ड पहिल्याच कापापासून.